ज्याचा ठोका त्याचा खटका

दगड ओळखायचा तर रंगावर जाऊ नये, असं मावशी सांगायच्या. एकदा सांगून गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या; दिवसातून दहा वेळा सांगायच्या. “रंग काय, कुणालाही चढतो. नखाला विचारा, नाण्याला विचारा, तळहाताला विचारा. रंगाला विचाराल तर फसाल.” एवढं बोलून झालं की समोरच्याच्या नव्याकोऱ्या शर्टाकडे बघून हसायच्या, आणि त्या बिचाऱ्याला उगाचच स्वतःबद्दल शंका यायची.

कारखाना दगडी वस्तूंचा. दाराच्या मुठी, दिव्यांच्या बैठका, वाडगे, खलबत्ते, आणि कुणाला फाटकावर बसवायचे असतील तर कलिंगडाएवढे गोळे. मागच्या अंगणात ओबडधोबड दगड येऊन पडायचा, पुढच्या दाराने गुळगुळीत होऊन जायचा. मधल्या लांबलचक शेडमध्ये सहा यंत्रं, आणि सगळ्यात मागे खिडकीपाशी मावशींची खोली. खोली कसली, तीन फळ्यांचा आडोसा! त्यात एक टेबल, एक स्टूल, भिंतीतून आडवी बाहेर आलेली जाड सळई, आणि टेबलावर मावशींचा संसार: तांब्याचं नाणं, काचेचा तुकडा, एक कानस, उलटी ठेवलेली फरशी आणि व्हिनेगरची बाटली. नख त्यांचं स्वतःचं. उजव्या अंगठ्याचं नख त्या मुद्दाम वाढवायच्या, आणि घरी भांडी घासताना ते तुटलं की सुट्टी मागायच्या. “आज हत्यार मोडलंय,” म्हणायच्या.

मालकांनी एकदा पांढराशुभ्र दगड ट्रकभर आणला. संगमरवर म्हणून आणला, आणि स्वस्तात मिळाला म्हणून खुशीत होते. मावशींनी अंगठा ओढला. पांढरी भुकटी नखाखाली आली. “मालक, ह्याचे वाडगे केलेत ना, तर गिऱ्हाईक आतलं खाता खाता चमच्याने वाडगाही खाईल.” मालक हिरमुसले, पण ट्रक परत गेला. दुसऱ्यांदा एक गृहस्थ रुमालात बांधून सोनेरी खडा घेऊन आले, डोळे चमकत होते. मावशींनी तो फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला. सोन्याची रेघ सोनेरी उमटते. ही उमटली काळी. “घरी सांगितलंय का कुणाला?” त्यांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, अजून नाही. “मग वाचलात. सांगू नका.”

तर असा दगडांवर हात बसलेला. पण पगार त्यांना त्यासाठी नव्हता. पगार होता चाकांसाठी.

दगड घासायचा म्हणजे त्याहून कठीण काहीतरी त्याच्यावर फिरवावं लागतं. ती चाकं हिरवट रंगाची, काचेलाही खरवडतील अशा दाण्यांची, परातीएवढी. यंत्रावर चढली की मिनिटाला दोन हजार फेरे घेतात. मावशी नव्या कामगाराला हे बादलीने शिकवायच्या. पाण्याची बादली हातात धरून गरगर फिरवायला लावायच्या आणि विचारायच्या, “काय वाटतंय?” तो म्हणायचा, हात ओढतोय. “बादलीला सुटायचंय. तू धरून ठेवलंयस म्हणून ती तुझ्यापाशी आहे. चाकाच्या कडेलाही असंच सुटायचं असतं, आणि वेग दुप्पट केलास तर ओढ चौपट होते. तिला धरून ठेवायला चाकाला हात नाहीत, फक्त दाण्याला दाणा चिकटलेला आहे. त्यात केसाएवढी भेग असली तर?” उत्तरही त्याच द्यायच्या. “तर बादली सुटते,” मावशी म्हणायच्या, “आणि कुणाच्या दिशेने ते विचारून सुटत नाही.”

भेग डोळ्यांना दिसत नाही. ऐकू येते. नवं चाक मधल्या भोकातून सळईवर लटकवायचं आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं. मग चाक जरा फिरवून पुन्हा ठोकायचं. निर्दोष चाक ‘टण्ण’ असं गातं, भेगाळलेलं ‘थप’ म्हणतं. मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तेच हे. मावशींनी बावीस वर्षं मडकी वाजवली. टण्ण आलं की चाकावर खडूने बरोबरची खूण. थप आलं की चाक जमिनीवर ठेवून मोठ्या हातोड्याने फोडायचं, म्हणजे चुकूनही कुणी ते यंत्रावर चढवायला नको.

आणि कारखान्याचा एक नियम होता: ज्याचा ठोका त्याचा खटका. ज्याने चाक वाजवून पास केलं, त्यानेच ते पहिल्यांदा सुरू करायचं. चाकासमोर कुणी उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून खटका दाबायचा आणि एक मिनिट रिकामं फिरू द्यायचं. मग कामगाराने पुढे यायचं. हा नियम पूर्वी नव्हता. तो आला मावशींच्या नवऱ्याच्या हातामुळे.

मावशींचे यजमान याच कारखान्यात घासाईवर होते. तेव्हा चाकं वाजवायचं काम आबांकडे होतं. आबा म्हणजे कारखान्याइतकेच जुने, मोठ्या मालकांच्याही आधी यायचे आणि नंतर जायचे. बोलायचे मोठ्याने, आणि ऐकताना तुमच्या ओठांकडे बघायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची लकब आहे. एके सकाळी आबांनी एक चाक वाजवलं, ‘चांगलंय’ म्हणाले, आणि दुपारच्या आत त्या चाकाचे तीन तुकडे झाले. एक छपरात गेला, एक भिंतीत. तिसऱ्याने मावशींच्या यजमानांचा उजवा हात कोपरापासून निकामी केला.

मग कळलं की आबांना गेली तीन-चार वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. नोकरी जाईल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशी तेव्हा पस्तिशीच्या होत्या, अंगात आग होती. त्या तडक आबांच्या घरी गेल्या आणि दारात उभ्या राहून, त्यांच्या बायकोच्या देखत म्हणाल्या, “बहिऱ्याने कानाची भाकरी खाऊ नये.” आबांना शब्द ऐकू आले नसतील, पण ओठ वाचता येत होते. दोन वर्षांनी ते वारले. मावशी मयतीलाही गेल्या नाहीत.

मोठ्या मालकांनी ती हातोडी मावशींच्याच हातात दिली. ज्या घराने ह्या चाकाची किंमत मोजली, त्या घराचा कान झोपणार नाही, असं काहीतरी ते म्हणाले होते. आणि खरंच, बावीस वर्षांत यंत्रावर एक चाक फुटलं नाही. मोठे मालक गेले, धाकटे आले. मावशींची मुलगी मोठी झाली, तिने लग्न केलं ते नेमकं कारखान्यातल्याच घासाईवाल्याशी. म्हणजे ज्या यंत्रावर सासऱ्याचा हात गेला, त्याच यंत्रावर आता जावई. लोक थट्टा करायचे, “मावशी, जावयाला हाताशी धरलंत की!” मावशी म्हणायच्या, “जावई म्हणजे दहावा ग्रह. नजरेसमोर असलेला बरा.”

जावई माणूस भला, पण मुखदुर्बळ. घरी ‘आई’ म्हणायचा, कारखान्यात सगळ्यांसारखा ‘मावशी’. सासूसमोर कधी आवाज चढवला नाही की उलटून बोलला नाही. मावशी त्याला ‘जावईबापू’ म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. मुलगी चिडायची. “तुम्ही दोघं घरात नसता, दरबारात असता!”

तर यंदा काय झालं, नव्या चाकांची पेटी आली. बारा चाकं. जुना साठा संपला होता. यंत्रांवरची चाकं झिजून बशीएवढी झाली होती. मावशींनी पहिलं चाक सळईवर चढवलं, हातोडी उचलली, ठोकलं.

थप.

चला, एक गेलं, असं म्हणत त्यांनी दुसरं घेतलं. थप. तिसरं, थप. मावशींच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की पेटी ओली झाली असणार. ओलं चाक वाजत नाही, हे कुणीही सांगेल. त्यांनी बाराच्या बारा चाकं खिडकीशी उन्हात मांडली, दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठोकलं. थप, थप, थप. बारा चाकं काही एकदम भेगाळत नसतात. म्हणजे चाकांत दोष नव्हता.

मावशी स्टुलावर बसल्या. मग दोष कानांत तर नव्हे? मुलगी गेल्या वर्षापासून म्हणत होती, आई, टीव्ही केवढ्याने लावतेस! त्या तिलाच म्हणायच्या, तुझे कान फार नाजूक. किटलीतलं पाणी उकळून उकळून आटलं होतं एकदा, झाकणाचा खडखडाट आलाच नव्हता. घरी जाऊन त्यांनी स्टीलचा पेला चमच्याने वाजवला. वाजला. पण पूर्वीसारखा वाजला का? पूर्वी कसा वाजायचा? भीती एकदा कानात शिरली की कान कशाचीच खात्री देत नाही. त्यांनी तो पेला इतक्यांदा वाजवला की यजमान म्हणाले, “अगं, शाळा सुटली का?”

सांगावं का? मालकांना सांगावं, की मला आता कळत नाही? आणि मग? मग हातोडी दुसऱ्याकडे, आणि आपण घरी, यजमानांच्या समोर खुर्ची टाकून बसायचं. दगड ओळखणं हौसेचं. ओळख होती ती ह्या ठोक्याची. ‘मावशींनी पास केलंय’ म्हटलं की माणसं निर्धास्त चाकासमोर उभी राहायची. ते गेलं तर आपण कोण? मावशींना आयुष्यात पहिल्यांदा आबांची आठवण रागाशिवाय आली, आणि त्या आठवणीचाच त्यांना राग आला.

चौथ्या दिवशी सकाळी जावई आडोशात आला. त्याचं चाक अगदीच संपलं होतं. “मावशी, चाक मिळेल का? वाडगे अडलेत.”

मावशींनी एक चाक सळईवर चढवलं. जावई शेजारीच उभा होता. त्यांनी ठोकलं. थप. फिरवून ठोकलं. थप. त्या क्षणभर थांबल्या. आणि त्यांच्या तोंडून शब्द गेला, “चांगलंय.”

जावयाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग चाकाकडे, आणि काही न बोलता ते उचललं. त्याने चाक चढवलं, नट आवळला, झाकण बसवलं. नियमाप्रमाणे मावशी गेल्या, बाजूला उभ्या राहिल्या आणि खटका दाबला. त्या एका मिनिटात त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, फुटायचं तर आत्ता फूट. माझ्या हाताखाली फूट. चाक फुटलं नाही, छान गुणगुणत फिरलं. मिनिट झालं. जावई पुढे आला आणि त्याने पहिला वाडगा चाकाला लावला.

सकाळभर मावशींना काही सुचलं नाही. टेबलावर तपासायला ठेवलेला एक दगड त्यांनी तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. फळीच्या फटीतून त्यांना जावयाची पाठ दिसत होती, वाडग्यावर वाकलेली. बावीस वर्षांपूर्वी त्याच जागी दुसरी पाठ होती. त्यांना आता स्वच्छ कळत होतं की आबा दुष्ट नव्हते. आबा असेच स्टुलावर बसून राहिले असतील, आणि फटीतून बघत असतील.

जेवणाच्या सुट्टीला पाऊण तास होता. त्या उठल्या, शेडच्या टोकाला गेल्या आणि सगळ्या यंत्रांचा मुख्य खटका खाली ओढला.

दिवे गेले, मोटारी बंद झाल्या. पण चाक लगेच थांबत नसतं. वीज तोडली तरी ते आपल्याच भारावर फिरत राहतं. “बाजूला व्हा!” मावशी ओरडल्या. “जावईबापू, समोरून बाजूला व्हा! सगळेच व्हा!” माणसं भिंतींना टेकली. सहा चाकं अंधुक शेडमध्ये फिरत राहिली, आवाज उतरत उतरत गेला, आणि मावशी शेवटचं चाक थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. धाकटे मालक ऑफिसातून धावत आले. “काय झालं? कुणाला लागलं?”

“कुणाला नाही. लागू नये म्हणून बंद केलंय.” मावशी मालकांकडे वळल्या. “सकाळचं चाक मी पास केलं ते न ऐकता केलं. मला टण्ण आलं नाही. बाराच्या बारा चाकांत आलं नाही. माझे कान गेलेत, मालक. चार दिवस झाले, मी कुणाला सांगितलं नाही. माणसाला चाकासमोर उभं केलं, आणि सांगितलं नाही.”

मग जावई खाली मान घालून म्हणाला, “मलाही थपच वाटलं होतं.”

“काय?”

“सकाळी. तुमच्या शेजारी उभा होतो ना. मला थप वाटलं. पण तुम्ही चांगलंय म्हणालात, म्हटलं तुम्हाला जास्त कळतं.”

“अरे, मग तोंड शिवलं होतं का तुझं?” मावशी त्याच्या अंगावर धावल्याच. लग्नानंतरच्या सात वर्षांत त्यांनी त्याला ‘अरे’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. “तुला थप ऐकू आलं आणि तू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलास? माझी मुलगी आहे रे घरी!”

“तुमच्या तोंडावर कसं म्हणणार?” तो पुटपुटला. मग जरा वेळाने, बहुधा विषय बदलावा म्हणून, “आणि त्या चाकाला वासही येतोय. घासताना. जळका.”

मावशी थांबल्या. “जळका कसा?”

“प्लास्टिक जळाल्यासारखा.”

मावशींच्या चेहऱ्यावरचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्या सरळ आडोशात गेल्या, उरलेल्यांपैकी एक चाक टेबलावर घेतलं, मेणबत्तीवर सुई लाल केली आणि चाकात टोचली. धूर निघाला. वास सगळ्यांना आला. जुन्या चाकात दाणे भट्टीत भाजून एकमेकांना धरतात, मडक्यातल्या मातीसारखे. सुई लावा नाहीतर जळता कोळसा, त्याला काही होत नाही. हे चाक भाजलेलं नव्हतं. हे कुठल्याशा डिंकात दाणे कालवून केलं होतं.

धाकट्या मालकांनी दुकानदाराला फोन लावला, आणि बोलता बोलता त्यांचं तोंड उतरलं. मग हसू लागले. “अहो मावशी, जातच वेगळी आहे ह्या चाकांची! तो म्हणतो, नवी निघालीत, जास्त दणकट असतात, मीच पाठवून दिली. चाकाच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी चकतीवर तसं अक्षर आहे म्हणे. आणि म्हणतो, ही तशी वाजत नाहीतच. ह्यांचा आवाज बसकाच असतो!” सगळी शेड हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, “मावशी, रंगावर गेलात!”

आणि खरंच गेल्या होत्या. जुनी हिरवी, नवी हिरवी, म्हणून त्या एकच धरून चालल्या. ना सुई लावली, ना हातात तोलून पाहिलं, ना चकतीवरचं अक्षर कुणाकडून वाचून घेतलं. दगडाच्या बाबतीत पोरासोरांना जी चूक करू देत नव्हत्या, ती चूक. “तुमचे कान शाबूत आहेत, चला, चहा सांगतो,” मालक म्हणाले.

मावशी हसल्या नाहीत. “चाक चांगलं निघालं,” त्या म्हणाल्या, “मी चांगली निघाले नाही.” आणि चहा न घेता घरी गेल्या.

यजमान स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. एका फळीला दोन खिळे ठोकून त्यांनी स्वतःच एक सोय केली होती. बटाटा खिळ्यांत खुपसायचा आणि डाव्या हाताने सोलायचा. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या थपपासून. ‘चांगलंय’ म्हणाल्याचं सांगताना त्यांना रडू आलं. “त्या आबांना मी काय काय बोलले,” त्या म्हणाल्या. “आणि जावईबापू बघा! ऐकू आलं तरी गप्प. असं कसं असतं माणूस?”

यजमानांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, “मलाही ऐकू आलं होतं.”

“काय ऐकू आलं होतं?”

“त्या दिवशी. आबांनी ठोकलं तेव्हा मी तिथेच होतो. थप झालं. स्वच्छ थप. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आता वाटतं, माझ्या तोंडावरून ओळखावं म्हणूनच पाहिलं असेल. मी मान डोलावली.” त्यांनी फळीवरची सालं गोळा केली. “सगळ्यांना ठाऊक होतं त्यांना कमी ऐकू येतं. मलाही होतं. म्हटलं, थप म्हणालो तर चारचौघांत म्हाताऱ्याची लाज जाईल, नोकरी जाईल. एका चाकाने काय होतंय.”

“बावीस वर्षं,” एवढंच त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं तुम्ही मला त्यांना शिव्या घालू दिल्यात?”

“चुकलंच माझं,” यजमान म्हणाले. “तू हातासाठी भांडत होतीस. हात मीच दिला होता हे कुठल्या तोंडाने सांगू?”

त्या रात्री दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. रविवारी मावशी आबांच्या घरी गेल्या. आबांची बायको आता ऐंशीच्या पुढे होती, तिने ओळखलं, आत घेतलं. मावशींनी माफी मागितली, आणि यजमानांनी सांगितलेलंही सगळं सांगितलं. म्हातारी शांतपणे ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “कुणीतरी मान हलवली, असं ते म्हणायचे. मला वाटायचं, स्वतःला सोडवायला म्हणतात.”

पुढे मावशी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. कानांना डबे लावून त्यांनी बारीक बारीक आवाज ऐकवले. उजवा कान वयाच्या मानाने ठीक निघाला. डावा उंच आवाजाला, बारीक खरखरीला कमी, आणि वयाने आणखी कमी होत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी तो कागद मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मालक म्हणाले, काम सोडायची गरज नाही. मावशी म्हणाल्या, मग नियम बदला. तेव्हापासून प्रत्येक चाक दोघांनी वाजवायचं: एक मावशी, आणि दुसरा जो त्या चाकासमोर उभा राहणार तो. दोघांपैकी एकजण जरी थप म्हणाला, तरी चाक फुटणार. दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही.

जुन्या जातीची चाकं पुन्हा मागवली. ती आली तेव्हा पहिली पाळी जावयाची. मावशी ठोकायच्या, मग हातोडी त्याच्या हातात द्यायच्या, मग तो ठोकायचा. एक, दोन, तीन. टण्ण, टण्ण. सहा चाकांवर खूण झाली. मावशींच्या जिवाला किती दिवसांनी बरं वाटत होतं!

सातवं चाक. मावशींनी ठोकलं. टण्ण आलं. फिरवून ठोकलं. टण्ण. त्यांनी हातोडी पुढे केली.

जावयाने ठोकलं आणि थांबला. पुन्हा ठोकलं. त्याचे कान लाल झाले. त्याने हातोडीकडे बघितलं, सळईकडे बघितलं, मावशी सोडून सगळीकडे बघितलं.

“आई,” तो म्हणाला. कारखान्यात तो त्यांना आई म्हणत नसे. “हे थप आहे.”

मावशींनी पुन्हा एकदा ठोकलं. त्यांच्या कानात ते गात होतं. “नक्की?”

“नक्की.”

त्यांनी चाक उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि मोठा हातोडा घातला. चाक एकाच सरळ रेषेत फुटून दोन झालं. मावशी वाकल्या आणि तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कडेचा बाहेरचा भाग ताजा, चकचकीत होता. आतला बोटभर भाग मळका होता, कधीची धूळ बसलेला; भेग जुनीच होती. बोटाला काळं लागलं. ते त्यांनी जावयाला दाखवलं, पदराला पुसलं आणि म्हणाल्या, “पुढचं घ्या.”

संध्याकाळी त्यांनी त्यातला एक तुकडा घरी नेला आणि यजमानांसमोर फळीशेजारी ठेवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या मळक्या रेषेवरून हळूच नेलं.

“हे कुणी ऐकलं?”

“जावईबापूंनी. मला नाही आलं.”

“आणि बोलले?”

“बोलले. माझ्या तोंडावर.”

यजमानांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. “बरं झालं,” ते म्हणाले, आणि जरा वेळाने पुढचा बटाटा खिळ्यांत खुपसला.